फोल्डरचीही नाडी पाहायला हवी

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठ वाजता सांताक्रूझच्या वेधशाळेत आदल्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद झाली : ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली आणि दोन्ही आकडे खरे. नुसता कुलाब्याचा आकडा पाहणाऱ्याला तो पावसाळ्यातला एक साधा दिवस वाटला असता. प्रत्यक्षात कलिना, सांताक्रूझ, कुर्ला पाण्याखाली होते. पुढे मुंबई महापालिकेने शहरभर ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. एका जागेचा आकडा साऱ्या शहराची हकिगत सांगत नाही, एवढा धडा तरी त्या पुराने दिला.

रुग्णालयांतल्या संगणकांच्या बाबतीत मात्र हा धडा अजून पुरता घेतलेला दिसत नाही. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय, सोनोग्राफी, ईसीजी, रक्ताचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड हे सगळे आता फाइलींच्या रूपात साठते. या फाइली किती आहेत, कोणत्या फोल्डरमध्ये किती जागा व्यापतात, कालच्यापेक्षा आज किती वाढल्या, असे विचारले तर उत्तर बहुधा पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका रंगीत पट्टीकडे बोट दाखवून मिळते. पट्टी निळी असेपर्यंत कोणी बघत नाही. ती लाल झाली की धावपळ सुरू होते आणि मग जे सर्वांत मोठे आणि सर्वांत जुने असते, ते आधी पुसले जाते.

वैद्यकाच्या दृष्टीने नेमके हेच उलटे आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये एक छोटी गोल सावली दिसली, तर डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, ‘जुनी फिल्म आहे का?’ दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच सावली त्याच आकाराची असेल, तर ती बहुधा जुन्या क्षयरोगाची खूण असते आणि रुग्ण निश्चिंत घरी जाऊ शकतो. जुने चित्र नसेल, तर पुन्हा सीटी, कदाचित सुई घालून तुकडा तपासणे, आणि निकाल येईपर्यंत घरातल्या सर्वांची झोप उडालेली. ईसीजीचेही तसेच. छातीत दुखत असलेल्या माणसाचा आजचा आलेख मागच्या वर्षीच्या आलेखाशेजारी ठेवला, की बदल नवा आहे की जुना हे कळते. म्हणजे डिस्क रिकामी करण्यासाठी जी फाइल ‘जुनी, मोठी’ म्हणून उडवली, तिची किंमत पुढे रुग्णाने मोजायची.

म्हणून प्रत्येक रुग्णालयाने, लहान असो वा मोठे, आपल्या प्रत्येक फोल्डरचे माप रोज रात्री प्रोग्रामच्या साह्याने घ्यावे. हे संगणक विभागाचे झाडलोटीचे काम नाही. ऑक्सिजनच्या टाकीचा दाब आणि रक्तपेढीतल्या पिशव्यांची संख्या जशी रोज पाहिली जाते, तसे हे रुग्णसुरक्षेचे काम आहे.

मापाला अर्थ यावा म्हणून ‘किती असायला हवे’ हे आधी माहीत असावे लागते. वैद्यकीय चित्रांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी माहीत असते. सीटी स्कॅनचा एक काप म्हणजे सर्वसाधारणपणे ५१२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ५१२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट जागा लागते. गुणाकार केला की ५,२४,२८८ बाइट, म्हणजे बरोबर ५१२ केबी. छाती-पोटाच्या एका तपासणीत ३०० काप घेतले, तर फोल्डर १५० एमबीचे व्हायला हवे. रुग्णाची माहिती आणि तारीख-वेळ यांची थोडी भर त्यात पडते. फाइली दाबून साठवल्या असतील तर आकडा कमी होतो, पण किती कमी होतो याचाही अंदाज काही दिवसांच्या नोंदींवरून बांधता येतो. १९७१ मध्ये लंडनमध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला, तेव्हा एका चित्रात ८० गुणिले ८० इतकेच ठिपके होते. आजच्या एका कापात त्याच्या चाळीस पटींहून अधिक ठिपके असतात आणि एका तपासणीत असे शेकडो काप. साठवणुकीचा प्रश्न एवढा का फुगला, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

योगायोग असा, की त्याच १९७१ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत ‘डीयू’ नावाची एक छोटी आज्ञा होती. कोणत्या फोल्डरने डिस्कवर किती जागा व्यापली, हे ती सांगे. ती आजही वापरात आहे. पायथनसारख्या भाषेत तेच काम दहा-बारा ओळींत होते. प्रोग्रामला सांगायचे एवढेच : या फोल्डरमध्ये शिर, दिसेल त्या प्रत्येक फाइलला तिचा आकार विचार, आत आणखी फोल्डर असेल तर त्यातही शिर, आणि शेवटी बेरीज दे. शाळेतल्या पटसंख्येसारखे हे काम आहे. प्रत्येक वर्गाची मोजणी, मग तुकडीची, मग शाळेची. फाइल उघडण्याची, आतले वाचण्याची गरजच नाही.

काम सोपे असले तरी त्यात चकवे आहेत, आणि ते माहीत नसलेला माणूस खऱ्या यंत्राने खोटा आकडा काढू शकतो.

पहिला चकवा म्हणजे फाइलचा आकार आणि तिने अडवलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरवर इंग्रजीत ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असे लिहिले तर अक्षरे मोजून १८ बाइट होतात. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हेच देवनागरीत लिहिले तर ५२ बाइट होतात, कारण संगणकाच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पण डिस्क जागा देते ती ठरावीक खणांत, बहुतेक वेळा ४,०९६ बाइटच्या. त्यामुळे १८ बाइटची नोंद असो की ५२ ची, सर्वसाधारणपणे दोन्ही एकेक खण अडवतात. लाखो छोट्या नोंदी असलेल्या फोल्डरमध्ये हा फरक प्रचंड होतो. प्रोग्राम कोणता आकडा देतो आहे, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

दुसरा चकवा एककाचा. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट धरतात. विंडोजचा संगणक मात्र १,०२४ च्या पटीने भागतो आणि तीच डिस्क ९३१ जीबीची दाखवतो. कोणी फसवलेले नसते, पण ‘दहा टीबी लागतील’ अशी मागणी नोंदवताना कोणती मोजपट्टी वापरली हे लिहिले नाही, तर खरेदीत तूट येणार.

तिसरा चकवा दुहेरी मोजणीचा. एकच फोल्डर दोन विभागांना दिसावे म्हणून संगणकात जोडदुवे केलेले असतात. प्रोग्राम त्या दुव्यांमागे गेला, तर तेच सीटी स्कॅन दोनदा मोजले जातात. दुवा फिरून मूळ फोल्डरकडेच येत असेल, तर प्रोग्राम गोलगोल फिरत राहतो.

चौथा चकवा सर्वांत घातक. काही फोल्डर कुलूपबंद असतात, प्रोग्रामला आत जायची परवानगी नसते. घाईने लिहिलेला प्रोग्राम अशा वेळी चूप बसतो आणि त्या फोल्डरचे माप शून्य धरून पुढे जातो. बेरीज येते, छान दिसते आणि चूक असते. रुग्णाच्या मनगटावर हात ठेवता आला नाही, म्हणून कोणी तक्त्यावर नाडी शून्य लिहीत नाही. ‘पाहता आली नाही’ असे लिहितात. प्रोग्रामनेही तसेच लिहिले पाहिजे. न मोजलेले आणि रिकामे यांत फरक करणे ही वैद्यकाची जुनी शिस्त आहे, ती संगणकालाही लावावी.

एवढे सांभाळले की रोजच्या तक्त्यात तीनच रकाने पुरतात : फाइलींची संख्या, एकूण आकार आणि कालपासून झालेला बदल. हा तक्ता विभागवार हवा. साऱ्या रुग्णालयाची एकच बेरीज म्हणजे कुलाब्याचा पाऊस बघून सांताक्रूझला छत्रीशिवाय निघण्यासारखे आहे. क्ष-किरण विभागाच्या वहीत आज चाळीस सीटी लिहिले असतील आणि फोल्डर अडतीसच असतील, तर दोन रुग्णांची चित्रे कुठेतरी अडकली आहेत. एका तपासणीत ३०० काप अपेक्षित असताना २११ फाइली असतील, तर पाठवताना मध्येच तार तुटली आहे. फाइल आहे पण आकार शून्य, म्हणजे नाव पोहोचले, चित्र नाही. मंगळवारनंतर फोल्डर वाढलेच नाही, तर यंत्राकडून सर्व्हरकडे जाणारा रस्ता बंद आहे. चित्रे यंत्राच्या स्वतःच्या मर्यादित साठ्यात पडून राहतात, आणि अनेक यंत्रे तो साठा भरला की जुनी चित्रे आपोआप पुसू लागतात. हे सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले तर दुरुस्त होते. सहा महिन्यांनी रुग्ण फेरतपासणीला आल्यावर कळले, तर हात चोळत बसायचे.

आकाराचे माप काय सांगत नाही, तेही स्पष्ट असावे. दोन फाइली बरोबर सारख्या आकाराच्या असूनही आतून वेगळ्या असू शकतात. म्हणून बॅकअपची खात्री करताना नुसता आकार जुळवणे पुरेसे नाही. फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसाही जुळवावा लागतो. मजकुरात एका बाइटचा बदल झाला तरी तो ठसा बदलतो. ताप मोजल्याने आजार कोणता ते कळत नाही, पण पुढे तपासायला हवे हे कळते. फोल्डरचा आकार हा तसा ताप आहे.

आकाराच्या घटीची एक ओळखीची जागा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. छातीच्या डिजिटल एक्स-रेची मूळ फाइल साधारण १० एमबीच्या आसपास असते. तीच पडद्यावरून मोबाइलने टिपून व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, की काही शे केबीची होते. गेलेले बाइट कुठून गेले? डोळ्याला सहज न दिसणाऱ्या बारीक छटांमधून. मोडलेले मोठे हाड अशा फोटोतही दिसेल. फुप्फुसातला सुरुवातीचा डाग किंवा बरगडीला गेलेली केसासारखी चीर कदाचित दिसणार नाही. डॉक्टरांनी तातडीच्या सल्ल्यासाठी असा फोटो पाहणे समजू शकते, पण ‘फोनवर दाखवले होते, काही नाही म्हणाले’ हा अहवाल नव्हे. सीडी किंवा मूळ फाइल मागून घेण्याचा आग्रह रुग्णाने धरायलाच हवा.

मग मोठे तेच मोलाचे का? मुळीच नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टीबी माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्याचे सरकारने नंतर संसदेत सांगितले. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाचा कारभार कित्येक दिवस कागद-पेनावर आला. १.३ टीबी म्हणजे किती? दोन टीबीची डिस्क शर्टाच्या खिशात मावते. आकाराने एवढीच, आणि तिच्याविना नोंदणी, प्रयोगशाळा, बिले सगळे ठप्प. ५२ बाइटची पेनिसिलिनची नोंद आणि १५० एमबीचा सीटी यांत तीस लाख पटींचा फरक आहे, पण इंजेक्शन टोचायच्या क्षणी जीव वाचवणारी फाइल ती ५२ बाइटचीच. म्हणून पुसायचे काय, हे आकाराच्या उतरत्या क्रमाने ठरवू नये. प्रोग्रामने मोजावे; ठेवायचे की काढायचे हे डॉक्टर, नोंद विभाग आणि संगणक विभाग यांनी एकत्र बसून, लिखित नियमाने ठरवावे. मोजणाऱ्या प्रोग्रामला पुसण्याचा अधिकारच देऊ नये.

नियमांचा आधारही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यातच म्हटले आहे. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू आहे आणि चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाला आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडण्याची सोय झाली आहे. क्रमांक जोडला, पण त्यामागची फाइलच शून्य बाइटची असेल तर जोडणी कशाची?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की विकत घेतलेल्या प्रणालीत हे सगळे असतेच. असते, पण तो आकडा विकणाऱ्याच्या पडद्यावर, विकणाऱ्याच्या व्याख्येने असतो. औषधाच्या कंपनीचा अहवाल असला तरी सरकारी प्रयोगशाळा नमुना स्वतंत्रपणे तपासते, त्यात कंपनीवर आरोप नसतो. दुसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि तो रास्त आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण आकार मोजायला फाइल उघडावी लागत नाही, आणि फोल्डरना रुग्णाच्या नावाऐवजी क्रमांक दिले तर तक्त्यात कोणाचे नाव येत नाही. ज्या रुग्णालयांत अजूनही फोल्डरना ‘अमुक काकू, पाय’ अशी नावे देतात, तिथे मोजणीच्या निमित्ताने ही सवयही मोडेल.

खर्चाची सबब तर चालणारच नाही. एकट्या सांताक्रूझ पूर्वेला पालिकेचे वि. ना. देसाई रुग्णालय आहे आणि कलिन्याला विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग आहे. पश्चिमेला थोडे पुढे जुहूला सी-डॅकचे केंद्र आहे, जे पूर्वी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणून ओळखले जाई. मोजणीचा प्रोग्राम बनावट फोल्डरवर लिहून, चारही चकव्यांवर तपासून देणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एका सत्राचा प्रकल्प होऊ शकतो. खरी माहिती त्यांच्या हाती द्यायची गरज नाही. तयार प्रोग्राम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याने, केवळ वाचण्याची परवानगी देऊन, चालवावा. पालिकेने एका रुग्णालयापासून सुरुवात करावी, वर्षभराचे तक्ते पाहावेत आणि त्यावरून पुढच्या डिस्कची खरेदी करावी. आज ही खरेदी अंदाजपंचे होते. वर्षभराचे आकडे हाती असतील तर दर महिन्याला किती वाढ होते हे सांगून निविदा काढता येईल.

आणि जागेचा विचार करताना पाणी विसरू नये. २००५ च्या पुरात तळमजल्यावरचे कागद भिजले; आज तळमजल्यावर सर्व्हर ठेवले तर तेच होणार. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा बॅकअपचा जुना नियम मुंबईसारख्या शहराला फार लागू पडतो. रात्रीचा प्रोग्राम दोन्ही ठिकाणी चालला आणि दोन्हीकडचे आकडे व ठसे जुळले, तरच बॅकअप ‘आहे’ असे म्हणावे.

घरच्या वाचकालाही यात करण्यासारखे थोडे आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या प्रत्येकाचे अहवाल मोबाइलमध्ये विखुरलेले असतात. त्यांचे एक फोल्डर करावे, फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तपासणी लिहावी आणि महिन्यातून एकदा त्या फोल्डरच्या माहितीत जाऊन फाइली किती आणि आकार किती हे पाहावे. नवा मोबाइल घेतला, की जुना विकण्यापूर्वी दोन्हींवरचे आकडे जुळवावेत. एखादी फाइल शून्य केबीची दिसली, तर ती प्रयोगशाळेकडून त्याच आठवड्यात पुन्हा मागवावी. वर्षभराने मागायला गेल्यास ती तिथेही पुसलेली असू शकते.